ठाकोरभाईंच्या करवतीतली खोट

सुरतेत लिंबायतला आमच्या गल्लीत झाड म्हणावं असा एकच कडुलिंब होता, तोही विजेच्या तारांसाठी एका बाजूने छाटलेला. अशा गल्लीत राहून मी झाडं तोडायची यंत्रं जमवत होतो. गावाकडून कोणी पाहुणा आला की विचारी, "यशवंत, इथे काय तोडतोस?" मी म्हणायचो, "काही नाही. दुरुस्त करतो." पाहुण्याचं समाधान होत नसे, आणि खरं सांगायचं तर माझ्या बायकोचंही नव्हतं.

मी कडोदऱ्याला एका प्रोसेस हाउसमध्ये फिटर होतो. कोरं कापड येतं, ते धुतात, रंगवतात, छापतात, वाफेवर घेतात, ताणून सुकवतात. या सगळ्या यंत्रांचे पट्टे, बेअरिंग, साखळ्या, पंप सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. ते मी निवृत्त होईपर्यंत इमानाने केलं. पण त्याबद्दल लिहायला बसलो तर दोन ओळींत संपेल. लिहावंसं वाटतं ते सुट्टीच्या दिवसांबद्दल.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी हातातली करवत. मागे स्कूटरसारखं छोटं इंजिन, पुढे हातभर लांब चपटी पोलादी पट्टी. पट्टीच्या कडेने खाचेतून एक साखळी गरगर फिरते, सायकलच्या चेनसारखीच, फक्त तिला दात असतात. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, असे आळीपाळीने. आज ही यंत्रं हलकी मिळतात, दुकानात टांगलेली असतात. मी म्हणतो ती त्याच्या आधीची, तेव्हाच वीस-तीस वर्षं जुनी. जंगलातल्या ठेकेदारांनी आणि बागायतदारांनी परदेशातून आणवलेली आणि पुढे पार्ट मिळेनात म्हणून टाकून दिलेली. एकेक इतकं जड की उचलताना माणूस आधी श्वास घेई.

पहिलं मला रफीकभाईंच्या भंगारात सापडलं. मी तिथे पंपाची एक बॉडी शोधायला गेलो होतो. ॲल्युमिनियमच्या ढिगात एक काळवंडलेला गोळा दिसला. पट्टी नव्हती, चेन नव्हती. मला तोही पंपच वाटला. दोरीचं हँडल दिसलं म्हणून सहज ओढलं, तर आत दाब लागला. म्हणजे पिस्टन शाबूत होता.

"आ शुं छे?" मी विचारलं.

"कोण जाणे," रफीकभाई म्हणाले. "उद्या भट्टीत जाणार. हवं तर ने."

घरी आणलं तेव्हा सुमन, म्हणजे माझी पत्नी, दारातच उभी होती. आम्ही अमळनेरकडचे. घरात बोलणं अहिराणीतच.

"काय हाई लई उनात?"

"इंजिन शे."

"कसानं?"

ते मलाही माहीत नव्हतं. वरचा थर खरवडला तेव्हा खाली लाल रंग निघाला आणि एका बाजूला चेन फिरवणारं दातेरी चाक. मग लाकडाच्या वखारीत नेऊन दाखवलं. वखार म्हणजे लाकडाचं गोदाम. तिथे राखणीला गोमाभाऊ नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, डांगच्या जंगलातले. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "ही तर करवत आहे. हिने मी सागवान पाडलाय." मग जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला, जणू विकलेला बैल बाजारात पुन्हा दिसावा.

गोमाभाऊंनी तरुणपणी जंगलातल्या ठेकेदाराकडे अशाच मशीनवर काम केलं होतं. मला इंजिन कळत होतं, त्यांना लाकूड कळत होतं. आमची दोस्ती जमली ती तिथून.

ते मशीन चालू करायला मला पूर्ण हिवाळा लागला. ठिणगी पडत नव्हती. चक्राखालचे पॉइंट गंजले होते, ते घासले. कार्ब्युरेटरमध्ये पातळ रबराचा एक पडदा असतो, तो पापडासारखा कडक होऊन फुटला होता. नवा मिळणार कुठून? आमच्या मिलमध्ये हवेच्या झडपांसाठी रबर लावलेलं पातळ कापड यायचं, त्याचा तुकडा कापून बसवला. पिस्टनच्या रिंगा एका जुन्या मोपेडच्या निघाल्या, थोड्या घासून बसल्या. मग एका सुट्टीच्या सकाळी गल्लीत फरशीवर ठेवून दोरी ओढली. ओढत राहिलो. खांदा भरून आला तेव्हा कुठे ते एकदम बोंबललं. आमच्या गल्लीच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे शेड. त्या खटखटीत लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. पण हे सगळ्यांना ऐकू गेलं. लोक बाहेर आले. कोपऱ्यावरचा रिक्षावाला आपल्या रिक्षाचा सायलेन्सर वाकून बघू लागला.

सुमन कानावर हात ठेवून उभी होती. मशीन बंद झाल्यावर म्हणाली, "चांगलं शे. आते इकी टाका."

मी विकलं नाही. उलट दुसरं आणलं, मग तिसरं. रफीकभाई बाजूला काढून ठेवू लागले. पलंगाखालची जागा संपली तेव्हा भिंतीला लोखंडी मांडणी ठोकली. सुमनचं म्हणणं एकच, "घरमा पाय ठेवाले जागा नही." पण मांडणीवर धूळ बसली तर पुसायची तीच. पाहुण्यांना कोणती कुठून आली ते सांगायचीही तीच, आणि माझ्यापेक्षा रंगवून.

मांडणी भरली तशी गिऱ्हाइकंही येऊ लागली. एक लूमवाला शेठ आला. वीज गेली की लूम बंद पडतात, तर या इंजिनावर लूम चालेल का, असं त्याचं विचारणं. मी म्हटलं, चालेल, पण कापडाला पेट्रोलचा वास येईल. तो खरंच विचार करत बसला. भागीदारी मोडलेले दोन व्यापारी आले होते. दुकानातलं सागवानी काउंटर कोणी कोणाला द्यायला तयार नव्हता, म्हणून मधोमध कापून हवं होतं. गोमाभाऊंनी सुंदर कापून दिलं, एका रेषेत. मग लक्षात आलं की काउंटरला पाय चारच; प्रत्येकाच्या वाट्याला दोन आले आणि दोन्ही अर्धे उभे राहीनात. दोघं वेगवेगळ्या दिवशी माझ्याकडे पाय लावून घ्यायला आले. दोघांनाही मी सुताराकडे पाठवलं, एकाच सुताराकडे.

आणि मग ठाकोरभाई आले.

त्यांनाही रफीकभाईंनीच पाठवलं होतं. नवसारीच्या अलीकडच्या एका गावात त्यांची आंब्याची वाडी. वय साठीच्या आसपास, पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. उन्हाळा ऐन भरात होता, तरी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलेलं. बरोबरच्या माणसाने गोणपाटात बांधलेलं ओझं खाली ठेवलं. गाठ सोडली आणि मी बघतच राहिलो.

एवढ्या वर्षांत असं मशीन मी पाहिलं नव्हतं. काळपट हिरवा रंग, जागोजागी तसाच शाबूत. अंगावर कोरल्यासारखं ओतीव नाव. आणि चेनला तेल द्यायला अंगठ्याने दाबायचा पितळी पंप, तो अजून पिवळाधमक होता. पट्टी माझ्या हाताहून लांब. पट्टीला चेनही होती, गंजाचा हलका पापुद्रा सोडला तर जशीच्या तशी.

"चालू होईल," मी म्हटलं. "थोडा वेळ द्या."

ठाकोरभाईंनी मान हलवली. "रिपेर नथी करवानुं. एमां खोट क्यां छे ते शोधी आपो."

खोट म्हणजे दोष; मराठीतही तोच शब्द. दुरुस्त करायचं नाही, फक्त दोष शोधून द्यायचा. असं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. मी कारण विचारलं. त्यांनी गळ्याचं बटण काढलं. डाव्या कानाखालून खांद्यापर्यंत एक जाड, ओबडधोबड वण होता. त्यांनी डावा हात वर करून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला.

पुढचं त्यांनी गुजरातीतच सांगितलं, मी मराठीत सांगतो. दहा-बारा वर्षांमागची गोष्ट. वाडीतल्या एका आंब्याची वाळकी फांदी ते कापत होते. मशीन एकाएकी हातातून उसळलं आणि उलटं अंगावर आलं. "मशीन असं स्वतःहून उडत नाही," ते म्हणाले. "त्याच दिवशी सकाळी माझ्या धाकट्या भावाने, किशोरने, चेन घासली होती. मशीनही त्यानेच खोललं होतं. त्याने काहीतरी चुकवलं. मी विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, नेहमीसारखंच केलं. त्यावरून शब्द वाढला."

शब्द इतका वाढला की पुढे अंगणात भिंत उठली. एकाच घराला दोन दारं झाली. बायका आडून बोलत, भाऊ बोलत नसत. आता ठाकोरभाईंच्या मुलीचं लग्न ठरत होतं. बायको म्हणत होती, काकाशिवाय मुलीला मांडवात कसं आणायचं?

"मला एकदा कळू दे," ते म्हणाले. "त्याची चूक असेल तर मी माफ करीन. पण मला माहीत तर हवं ना, काय माफ करायचं ते. आणि खोट मशीनचीच असेल, कारखान्यातूनच आलेली असेल, तर हे तुम्ही ठेवून घ्या. मला हे घरात नको."

शेवटचं वाक्य माझ्या कानात राहिलं. कोणत्याही जमवणाऱ्याच्या राहिलं असतं.

मी मशीन खोललं. रोज कामावरून आल्यावर थोडं थोडं, घाई न करता. अशा अपघाताला यंत्रातली कारणं मोजकीच असतात. गॅस, म्हणजे वेग वाढवायचा खटका, सोडल्यावर स्प्रिंग परत यायला हवी; ती येत होती. क्लचच्या स्प्रिंगा तुटल्या तर चेन आपोआप फिरत राहते; त्या धड होत्या. चेन उलटी बसवलेली नव्हती, ढिलीही नव्हती. राहिली चेन घासण्याची बाब. दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. एका वेळी दाताने लाकडात किती शिरायचं, ते तो उंचवटा ठरवतो. घासणाऱ्याने तो जास्त खाली नेला की दात अधाशासारखा लाकूड धरतो आणि मशीन झटके मारतं. किशोरभाईंनी चूक केली असती तर इथेच. मी सपाट पट्टी ठेवून एकेक दात पाहिला.

इतक्या एकसारख्या हाताने घासलेली चेन मी त्याआधी पाहिली नव्हती. डावे दात, उजवे दात, सगळ्यांचा कोन एक, उंची एक. गोल कानस धरायला शिकून मला वर्षं झाली होती, तरी माझ्या चेनला डावीकडे थोडी ओढ असायची. ही चेन सरळ गेली असती, दोरा धरल्यासारखी.

यंत्रात खोट नव्हती, आणि धाकट्या भावाच्या हातातही नव्हती.

मी वखारीत गेलो आणि गोमाभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वण कोणत्या बाजूला?"

"डाव्या. मानेपासून खांद्यापर्यंत."

त्यांनी स्वतःच्या मानेवरून खांद्यापर्यंत बोट ओढून पाहिलं. मग म्हणाले, "टोक लागलं त्याचं."

करवतीच्या पट्टीचं टोक गोल असतं. त्या गोलाच्या वरच्या पाव भागाला काही अडलं, साधी काडी का असेना, तर चेन तिथे लाकूड कापत नाही, लाकडावर चढते. आणि सगळं मशीन वर आणि मागे, माणसाच्या अंगावर फेकलं जातं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. आजच्या मशीनना त्यासाठी ब्रेक असतो. जुन्यांना काही नव्हतं, माणसाची सावधगिरी तेवढी. गोमाभाऊंनी जंगलात हे होताना पाहिलं होतं.

म्हणजे चूक कोणाची असेलच तर ती ज्याच्या हातात मशीन होतं त्याची.

घरी येऊन मी हे सुमनला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुम्ही सांगी टाका, मशीनच खराब व्हतं."

"पन ते नव्हतं ना."

"नसू दे. मशीनले काय वाईट वाटाव नही. दोन भाऊ एक व्हतीन, पोरनं लगीन व्हई जाई. आनि मशीन तुमले भेटी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमना मनमा बी तेच शे."

माझ्या मनात तेच होतं, हे तिने बरोबर ओळखलं होतं. मी नुसता हावरटपणा करत होतो असंही नाही. खरंच तसं सांगितल्याने कोणाचं काय बिघडणार होतं? ठाकोरभाईंची मान खाली जाणार नाही, भावावरचा आळ जाईल, आणि ते हिरवं मशीन माझ्या मांडणीवर मधोमध बसेल. मी जागाही रिकामी करून ठेवली होती, हे लिहायला आता हरकत नाही.

गोमाभाऊंना हे पटलं नाही. ते रागावले नाहीत, त्यांचा तो स्वभावच नव्हता. म्हणाले, "मशीन खराब होतं असं सांगशील. मग ते दुसरं, चांगलं मशीन आणतील. वाडी आहे, आणावंच लागेल. आणि घरातला कोणीतरी पुन्हा तशीच फांदी कापेल. त्याला कोण सांगणार, टोक लावू नको म्हणून?"

ते खरं होतं. शिवाय ती चेन होती. ज्या माणसाने ती तशी घासली, त्याचं काम चांगलं होतं हे कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. खोट मशीनची म्हटली असती तर ते म्हणायचं राहूनच गेलं असतं.

ठाकोरभाईंना वखारीत बोलावलं. मी मशीन पुन्हा जोडून, पुसून, लाकडाच्या घोडीवर ठेवलं होतं. एकेक भाग दाखवला. स्प्रिंग, क्लच, मग चेन. "तुमच्या भावाने घासली ती अशी," मी म्हटलं. "मी फिटर आहे. मला इतकी चांगली जमत नाही."

"तो पछी खोट क्यां?" त्यांनी विचारलं.

मी गोमाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून खडू काढला, लाकडांवर खुणा करायचा, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा पांढरा केला. "शेठ, एवढा भाग लाकडाला लावायचा नाही. लागला की मशीन उडतं. कितीही चांगलं असू दे." मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही जी फांदी कापत होता, तिच्यामागे दुसरी काही होती का?"

ठाकोरभाई त्या खडूच्या खुणेकडे बघत राहिले. बाजूला एक हातगाडी रिकामी होत होती, फळ्या एकावर एक पडत होत्या. त्यांनी गळ्याजवळचं बटण चाचपलं.

"तमे त्यां हता?" ते मला म्हणाले. तुम्ही तिथे होता का?

"नाही," मी म्हटलं.

"तो पछी शुं बोलो छो."

मग काय बोलता, असं म्हणून त्यांनी बरोबरच्या माणसाला खूण केली, मशीन गोणपाटात बांधायला लावलं आणि निघून गेले. माझा निरोपही घेतला नाही. मांडणीवरची रिकामी जागा नंतर बरेच दिवस तशीच राहिली. सुमन रोज ती पुसायची आणि काही बोलायची नाही. तिने बोलावं असं मला वाटायचं.

पावसाळा गेला, नवरात्र आलं. मिलमध्ये दिवाळीचा माल चालू झाला होता, श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका सकाळी मी कामावर निघालो तर गल्लीच्या तोंडाशी ठाकोरभाई उभे. एकटेच, घरात न येता. मी आत बोलावलं, तर नको म्हणाले.

"पाछळ डाळी हती," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही.

"मागे फांदी होती. बारीक. तुमच्या त्या म्हाताऱ्याने विचारलं तेव्हाच आठवली. हॉस्पिटलमध्ये असतानाही एकदा आठवली होती, पण तोवर मी किशोरला बोलून बसलो होतो." ते थांबले. लूमच्या आवाजात त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि हे मोठ्याने बोलायचं काम नव्हतं. "रविवारी या. मशीन चालू करून द्या. आणि मला जे सांगितलंत ते तिथे सांगा. मारा मोढे नहीं बोलाय."

माझ्या तोंडून निघणार नाही, असं ते म्हणत होते. मी होकार दिला.

रविवारी मी आणि गोमाभाऊ एसटीने गेलो. घर मोठं, कौलारू, आणि अंगणाच्या मधोमध कमरेच्या वर येईल अशी विटांची भिंत. तिला गिलावा केला नव्हता. इकडे ठाकोरभाईंचा ओटा, तिकडे किशोरभाईंचा. पलीकडच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत होत्या. आम्हाला पाहून त्या आत गेल्या.

मशीन अंगणात ठेवलेलं होतं. मी पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, टाकी भरली, प्लग पुसून लावला. पितळी पंप दोनदा दाबला. दोरी ओढली. माझ्या लाल मशीनने खांदा मोडला होता. हे तिसऱ्या-चौथ्या ओढीला सुरू झालं. आवाज जाड, खर्जातला. वाडीतले कावळे उडाले.

पलीकडचं दार उघडलं. एक मध्यमवयीन गृहस्थ बनियनवरच धावत बाहेर आले आणि भिंतीपाशी येऊन थांबले. त्यांची नजर मशीनकडे नव्हती. मोठ्या भावाच्या हातात ते नाही ना, हे ते पाहत होते. ते माझ्या हातात आहे हे कळल्यावर त्यांनी भिंतीवर हात टेकला.

मी मशीन बंद केलं. ठाकोरभाई ओट्याच्या पायरीवर बसले होते, जमिनीकडे बघत.

"किशोरभाई, मी सुरतचा फिटर," मी भिंतीपलीकडे म्हटलं. "हे मशीन मी पूर्ण खोलून पाहिलं. त्यात काही बिघाड नव्हता. आणि चेन तुम्ही घासली होती, ती बरोबर घासली होती. एकही दात चुकलेला नाही."

ते भिंतीवरून पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "पक्कुं?" नक्की?

"नक्की. एकेक दात पाहिला."

"मी त्यानंतर कानस हातात घेतली नाही," ते म्हणाले. "कोयताही बाहेरून धार लावून आणतो. मला वाटायचं, माझ्या हातूनच झालं असणार. भाई म्हणतो म्हणजे झालं असणार."

पायरीवरून ठाकोरभाईंचा आवाज आला. आम्ही सांगायचं ते सांगून झालं होतं. पुढचं त्यांना बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

"पाछळ डाळी हती, किशोर. में जोई नहीं."

मागे फांदी होती, मी पाहिली नाही. आतून दोन्हीकडच्या बायका दारात आल्या होत्या. ठाकोरभाईंची मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. किशोरभाई भिंतीला वळसा घालून रस्त्याच्या बाजूने आत आले. पाय धरणं, गळ्यात पडणं असलं काही झालं नाही. ते येऊन मशीनजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी चेनवर बोट फिरवलं, एका दातावरून दुसऱ्यावर.

"गंज आलाय थोडा," ते म्हणाले.

"तेल दे," ठाकोरभाई म्हणाले.

हे मशीन आता आपल्या मांडणीवर येणार नाही, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. आजही कोणी माझी मशीनं बघायला आलं की मधल्या जागेपाशी मी जरा थांबतो. तिथे पुढे बरीच मशीनं येऊन गेली, पण तसं हिरवं नाही.

अंगणाच्या कडेला आंब्याचा एक जुना ओंडका पडला होता. ठाकोरभाई उठले आणि उजव्या हाताने त्यांनी तो दाखवला.

"किशोर, मशीन तुं पकड."

किशोरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. "अने लाकडुं?"

"लाकडुं हुं पकडुं छुं."

गोमाभाऊंनी पुढे होऊन किशोरभाईंना पट्टीचा तो वरचा कोपरा दाखवला, आणि पाय किती लांब ठेवायचे ते दाखवलं. ठाकोरभाईंनी धोतर सावरलं, ओंडक्याच्या दुसऱ्या टोकावर पाय रोवला आणि भावाला मान हलवून खूण केली. आम्ही दोघे बाजूला सरकून उभे राहिलो.